प्रथिननिर्मितीचा धडा विषाणूच्या आरएनएपासून सुरू करा : जीवरसायनशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
जीवरसायनशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय : एम.एस्सी.च्या प्रथिननिर्मिती घटकाची फेरमांडणी आणि चार दुपारचे एक नवे प्रात्यक्षिक

महोदय, महोदया,

एम.एस्सी.चा विद्यार्थी प्रथिननिर्मितीचा घटक शिकतो म्हणजे बहुतेक वेळा इनिशिएशन फॅक्टरांची (प्रथिननिर्मिती सुरू करून देणाऱ्या प्रथिनांची) यादी पाठ करतो आणि रायबोसोमची आकृती काढतो. एमआरएनएच्या, म्हणजे प्रथिनाचा निरोप रायबोसोमकडे नेणाऱ्या आरएनएच्या, सुरुवातीच्या (पाच-प्राइम) टोकाला कॅप, म्हणजे उलटा जोडलेला मिथाइलयुक्त ग्वानोसिन, असते हे तो लिहितो, पण ती काढली तर काय होते हे त्याने स्वतःच्या नळीत कधी पाहिलेले नसते. हा घटक विषाणूंच्या आरएनएपासून शिकवावा आणि त्याला खरे प्रात्यक्षिक जोडावे, एवढीच आमची मागणी आहे. ‘सुविधा नाहीत’ या उत्तरावर ही चर्चा थांबू नये म्हणून काय लागते, किती लागते आणि कुठे फसते हे आम्ही सविस्तर लिहीत आहोत.

विषाणूच का, हे आधी सांगतो. दृश्यकेंद्रकी पेशींतील प्रथिननिर्मितीचे मूळ नियम ज्या रेणूंवर सापडले, ते रेणू फार वेळा विषाणूंचेच होते. कॅपची रचना १९७४-७५ च्या सुमारास उलगडली ती रीओव्हायरस, रेशीमकिड्याचा सायटोप्लाझ्मिक पॉलिहेड्रोसिस विषाणू आणि व्हॅक्सिनिया यांच्या एमआरएनएवर. या विषाणूंच्या कणातच आरएनए बनवणारी विकरे असतात, त्यामुळे शुद्ध, किरणोत्सारी खूण लावलेला एमआरएनए हवा तेवढा मिळे. पेशीच्या आरएनएच्या गुंत्यातून तो वेगळा काढणे त्या काळी अवघड होते.

पुढचा टप्पा म्हणजे माँट्रियालच्या मॅकगिल विद्यापीठातील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक नाहूम सोनेनबर्ग यांचे काम. आमच्या मते या एका प्राध्यापकाच्या कामातून अख्खा घटक शिकवता येतो. १९७८ मध्ये, मॅकगिलला जाण्याआधी, ॲरन शॅटकिन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी कॅपला धरणारे प्रथिन ओळखले. पद्धत अशी होती : रीओव्हायरसच्या एमआरएनएच्या कॅपवर ट्रिटियमची खूण, मग परआयोडेटने कॅपमधील रायबोजचे ऑक्सिडेशन. त्यातून दोन ॲल्डिहाइड गट तयार होतात. हा आरएनए इनिशिएशन फॅक्टरांच्या मिश्रणात घातला की कॅपला चिकटलेल्या प्रथिनाच्या लायसिनशी ॲल्डिहाइडचा बंध होतो आणि क्षपणकाने तो कायमचा पक्का होतो. मग रायबोन्यूक्लिएजने बाकीचा आरएनए खाऊन टाकायचा. उरते ते प्रथिन आणि त्यावर अडकलेली किरणोत्सारी कॅप. जेलवर पट्टी दिसली ती सुमारे २४ किलोडाल्टनला, आणि मोकळा एम७जीडीपी, म्हणजे कॅपसारखाच सुटा रेणू, घातल्यावर ती नाहीशी झाली. तेच आजचे ईआयएफ ४ई. यात परआयोडेटचे कर्बोदक-रसायन आहे, शिफ बेस आहे, स्पर्धक रेणूने केलेली खातरजमा आहे. पहिल्या वर्षाचे रसायन आणि दुसऱ्या वर्षाचे रेणवीय जीवशास्त्र एका जेलवर भेटतात, आणि आपण विद्यार्थ्याला फक्त ‘ईआयएफ ४ई : कॅप बाइंडिंग प्रोटीन’ एवढी ओळ देतो.

यानंतर पोलिओचा प्रश्न येतो. पोलिओ विषाणूच्या आरएनएला कॅप नसते. पेशीत शिरल्यावर काही तासांत तो यजमान पेशीची प्रथिननिर्मिती बंद पाडतो, कारण त्याचे २ए प्रोटिएज ईआयएफ ४जी हे प्रथिन कापते आणि कॅपकडून रायबोसोमकडे जाणारा दुवा तुटतो. तरी विषाणूची स्वतःची प्रथिने जोमाने बनत राहतात. त्याच्या आरएनएचा पाच-प्राइमकडील अनअनुवादित (ज्याचे प्रथिनात रूपांतर, म्हणजे अनुवाद, होत नाही असा) भाग सुमारे ७४० न्यूक्लिओटाइडांचा आहे, घड्या घातलेला आहे आणि त्यात खऱ्या सुरुवातीच्या आधी अनेक एयूजी (प्रथिनाची सुरुवात दाखवणारी तीन अक्षरे) येतात. टोकापासून सरकत जाऊन पहिल्या योग्य एयूजीवर थांबायचे, हा मॅरिलिन कोझॅक यांनी मांडलेला नियम इथे चालत नाही.

१९८८ मध्ये पेलेटिए आणि सोनेनबर्ग यांनी एकाच एमआरएनएवर दोन वाचनचौकटी (प्रत्येकी एका प्रथिनाचा संकेत देणारे भाग) ठेवल्या : आधी थायमिडीन कायनेज, नंतर क्लोरॅम्फेनिकॉल ॲसिटिलट्रान्सफरेज (कॅट). मध्ये पोलिओचा तो भाग घातला तर दुसरे प्रथिन बनले आणि त्याला पहिल्याच्या अनुवादाची गरज नव्हती. रायबोसोम टोकाकडून न येता मध्येच उतरत होता. त्याच वर्षी एकार्ट विमर यांच्या गटाने ईएमसीव्ही या उंदरांच्या विषाणूत हेच दाखवले. या भागाला आज आयआरईएस (रायबोसोमच्या अंतर्गत प्रवेशाची जागा) म्हणतात.

हा बायसिस्ट्रॉनिक (एका आरएनएवर दोन प्रथिनांचा) प्रयोग हाच आमच्या प्रस्तावित प्रात्यक्षिकाचा गाभा. फरक इतकाच की थायमिडीन कायनेज आणि कॅटऐवजी रेनिला आणि फायरफ्लाय ल्युसिफरेज ही प्रकाश देणारी विकरे वापरायची, म्हणजे किरणोत्सारी गंधक लागत नाही, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याचा प्रश्न येत नाही आणि निकाल त्याच दुपारी हाती येतो.

पहिली दुपार आरएनए बनवण्याची. चार आरएनए हवेत : फायरफ्लाय ल्युसिफरेज कॅपसह, तोच कॅपशिवाय, रेनिला–ईएमसीव्ही आयआरईएस–फायरफ्लाय कॅपसह, आणि आयआरईएस काढून टाकलेला रेनिला–फायरफ्लाय, तोही कॅपसह. चौथा कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळला जातो. तो गाळू नये, त्याच्याशिवाय तिसऱ्याच्या आकड्याला अर्थ नाही. प्लाझ्मिड (हे अनुक्रम वाहणारा गोल डीएनए) आदल्या दिवशी कापून जेलवर पूर्ण कापले गेल्याची खात्री करावी. कापणारे विकर बोथट टोक किंवा पाच-प्राइम बाहेर राहणारे टोक देणारे निवडावे. केपीएन-१ किंवा पीएसटी-१ सारखी तीन-प्राइम टोक बाहेर ठेवणारी विकरे घेतली तर डीएनएवरून आरएनए बनवणारे टी७ पॉलिमरेज उलट धाग्यावरही वळते आणि लांबट, नको असलेला आरएनए येतो.

२० मायक्रोलिटरच्या नळीत १ मायक्रोग्रॅम डीएनए, बफर, १० मिलिमोलर डीटीटी, एटीपी, सीटीपी, यूटीपी प्रत्येकी २ मिलिमोलर, जीटीपी ०.४ आणि कॅप ॲनालॉग (कॅपसारखा सुटा रेणू) १.६ मिलिमोलर, रायबोन्यूक्लिएज इनहिबिटर २० ते ४० युनिट, टी७ पॉलिमरेज ५० युनिट. ३७ अंशांवर २ तास. हे मिश्रण बर्फावर बनवू नये : बफरमधील स्पर्मिडीन थंडीत डीएनएला खाली बसवते आणि मग दोन तासांनी काहीच मिळत नाही. साधा कॅप ॲनालॉग दोन्ही दिशांनी जोडला जातो आणि उलटा जोडलेला निरुपयोगी असतो, म्हणून एकाच दिशेने बसणारा, ‘आर्का’ नावाने मिळणारा घ्यावा. कॅपशिवायच्या नळीत जीटीपीही २ मिलिमोलर ठेवावा.

नंतर डीएनेज, मग २.५ मोलर लिथियम क्लोराइड, उणे २० अंशांवर अर्धा तास, आणि अपकेंद्रण. लिथियमचा फायदा हा की मोकळे न्यूक्लिओटाइड, उरलेला कॅप ॲनालॉग आणि बराचसा डीएनए वर राहतो. उरलेला कॅप ॲनालॉग पुढच्या नळीत गेला तर तोच अनुवाद दाबतो आणि विद्यार्थी आरएनए खराब म्हणून फेकून देतो. आरएनए जेलवर पाहिल्याशिवाय दुसऱ्या दुपारी पाऊल टाकू देऊ नये. बायसिस्ट्रॉनिक आरएनए मध्येच तुटला असेल तर दुसऱ्या जनुकाचा सुटा तुकडा स्वतंत्रपणे अनुवादित होतो आणि आयआरईएस नसतानाही ‘आयआरईएस’ दिसतो.

एक गोष्ट मागवण्याआधीच तपासायची. ईएमसीव्हीचा आयआरईएस अकराव्या एयूजीवर सुरुवात करतो आणि ल्युसिफरेजचा एयूजी नेमका त्याच जागी बसवावा लागतो. बाजारातील काही वाहकांत हा एयूजी हललेला आहे, किंवा सहा ॲडेनिनांच्या उंचवट्यात सातवा आलेला आहे. अशा आयआरईएसची ताकद मुळातच कमी असते. प्लाझ्मिडचा अनुक्रम वाचून मगच खरेदी करावी.

दुसरी दुपार सशाच्या रेटिक्युलोसाइट लायसेटची, म्हणजे अपरिपक्व तांबड्या रक्तपेशींच्या अर्काची. लायसेट तयारच घ्यावे, ससे पाळून बनवण्यात महाविद्यालयाने पडू नये. पण बाटलीतल्या गोष्टींमागचे जीवरसायन विद्यार्थ्याला माहीत असलेच पाहिजे. लायसेटमध्ये मूळचा ग्लोबिन एमआरएनए भरपूर असतो. पेल्हॅम आणि जॅक्सन यांनी १९७६ मध्ये तो मायक्रोकॉकल न्यूक्लिएजने काढून टाकला. हे विकर कॅल्शियमशिवाय चालत नाही. १ मिलिमोलर कॅल्शियमवर ते चालवायचे आणि २ मिलिमोलर ईजीटीए घालून कॅल्शियम बांधले की ते थांबते, म्हणजे नंतर घातलेला आपला आरएनए वाचतो. कोणी विद्यार्थ्याने कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये आरएनए विरघळवला तर न्यूक्लिएज पुन्हा जागे होऊ शकते. हेमिनही घातलेले असते, कारण हीम कमी पडले की एक कायनेज ईआयएफ २ च्या अल्फा उपएककावर फॉस्फेट लावते आणि काही मिनिटांत अनुवाद ठप्प होतो. परीक्षेत पाठांतराने लिहिले जाणारे ईआयएफ २चे नियमन इथे बाटलीच्या लेबलवर भेटते.

२५ मायक्रोलिटरच्या नळीत १७.५ मायक्रोलिटर लायसेट, अमिनो आम्लांचे मिश्रण, रायबोन्यूक्लिएज इनहिबिटर आणि २५० नॅनोग्रॅम आरएनए, म्हणजे प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅम. ३० अंशांवर ठेवून ०, १५, ३०, ४५ आणि ६० मिनिटांना प्रत्येकी अडीच मायक्रोलिटर काढून ल्युसिफरेज अभिकर्मकात घालायचे. फक्त शेवटचा आकडा घेतला तर सगळ्या नळ्या सारख्या दिसू शकतात, कारण वेगवान नळीतली प्रक्रिया आधीच थकलेली असते. वेग मोजायचा असेल तर रेषा सरळ असलेल्या भागातच मोजावा लागतो. विकरगतिकीत आपण हे शिकवतो आणि इथे विसरतो. लायसेट दोनदाहून जास्त गोठवू-वितळवू नये, म्हणून आल्याबरोबर छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवावे.

तिसऱ्या दुपारी कॅपची परीक्षा. मोकळा एम७जीपीपीपीजी घातला की तो ईआयएफ ४ई अडवतो, कॅपवर चालणारे रेनिला खाली येते आणि आयआरईएसवर चालणारे फायरफ्लाय टिकते. इथे दोन सापळे आहेत. कॅप ॲनालॉग मॅग्नेशियम धरून ठेवतो, त्यामुळे केवळ मॅग्नेशियम घटल्यानेही अनुवाद पडतो. म्हणून जेवढा ॲनालॉग तेवढे मॅग्नेशियम जास्त घालावे आणि शेजारी मिथाइल गट नसलेल्या जीपीपीपीजीची नळी ठेवावी. दुसरा सापळा असा की न्यूक्लिएज लावलेल्या लायसेटमध्ये एमआरएनए थोडा आणि फॅक्टर भरपूर, स्पर्धाच नाही, त्यामुळे कॅप नसलेला आरएनएही बऱ्यापैकी अनुवादित होतो. विद्यार्थी ‘कॅप महत्त्वाची नाही’ असा निष्कर्ष काढतो. पोटॅशियम थोडे थोडे वाढवत नेले की कॅपवरचे अवलंबित्व उघड होते. आमच्या मते पोटॅशियमच्या तीन पातळ्या ठेवणे हा या प्रात्यक्षिकातला सर्वांत शिकवणारा भाग आहे, कारण निष्कर्ष परिस्थितीवर कसा उभा असतो ते तिथे दिसते. त्याच दुपारी सायक्लोहेक्झिमाइड आणि क्लोरॅम्फेनिकॉलच्या नळ्याही लावाव्यात. पहिले अनुवाद थांबवते, दुसरे नाही, आणि दृश्यकेंद्रकी पेशींचा ८०एस रायबोसोम व जिवाणूंचा ७०एस यांतला फरक पाठ करावा लागत नाही.

चौथी दुपार आकडेमोडीची. फायरफ्लाय भागिले रेनिला हे गुणोत्तर, आणि त्याला आयआरईएस नसलेल्या आरएनएच्या गुणोत्तराने भागायचे. पण जर्नलमध्ये मूळ आकडे लिहिल्याशिवाय सही देऊ नये. रेनिला कोसळले तरी गुणोत्तर वाढते, आणि ती आयआरईएसची ताकद नव्हे. पेशींच्या स्वतःच्या एमआरएनएत आयआरईएस असल्याचे अनेक दावे नेमके अशाच कारणांनी वादात सापडले : डीएनए पेशीत घातल्यावर मधल्या भागातला लपलेला प्रमोटर किंवा स्प्लाइसिंग फक्त दुसऱ्या जनुकाचा छोटा, कॅप असलेला एमआरएनए बनवत होते. विषाणूंचे आयआरईएस या कसोट्यांत टिकले. विद्यार्थ्याने हा वाद वाचावा, आणि आपल्या प्रयोगात डीएनएऐवजी आरएनए का घातला याचे उत्तर द्यावे.

पोलिओचा आयआरईएस का नको, हा प्रश्न येईल. रेटिक्युलोसाइट लायसेटमध्ये तो नीट चालत नाही, चुकीच्या जागांवर सुरुवाती होतात आणि हेला पेशींचा (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचा) अर्क घातल्यावर सुधारतो. ईएमसीव्हीचा मात्र त्यातच उत्तम चालतो. शिवाय इथे कुठेही पूर्ण विषाणू नाही, फक्त प्रथिन न सांकेतणारा सुमारे ६०० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा आहे. तरी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे रीतसर नोंद करावी.

लायसेट परवडत नसेल तिथे गव्हाच्या अंकुराचा अर्क महाविद्यालयातच बनवता येतो. रोलर फ्लोअर मिलमधून कच्चा जर्म आणावा. खाण्यासाठी विकला जाणारा भाजलेला जर्म चालत नाही, त्यातले रायबोसोम आणि फॅक्टर उष्णतेने मेलेले असतात. जुन्या पद्धतीत जर्म कार्बन टेट्राक्लोराइड आणि सायक्लोहेक्झेनच्या मिश्रणावर तरंगवून वेगळा करत. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत ते द्रावक नकोत. चाळून, हाताने निवडून, थंड पाण्याने अनेकदा धुवावे. धुणे नुसत्या स्वच्छतेसाठी नाही : गव्हाच्या पांढऱ्या पिठाळ भागात ट्रिटिन नावाचे रायबोसोम निकामी करणारे प्रथिन असते. ५ ते ६ ग्रॅम जर्म थंड खलात तेवढ्याच वाळूबरोबर घोटून, २० मिलिमोलर हेपीस, १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ मिलिमोलर मॅग्नेशियम ॲसिटेट, २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ६ मिलिमोलर मरकॅप्टोइथेनॉलच्या बफरमध्ये काढावे, ३०,००० जी वर फिरवावे. मधला स्वच्छ थर घ्यावा, वरची चरबी आणि खालचा गाळ दोन्ही सोडून. सेफाडेक्स जी-२५ मधून गेल्यावर मोकळी अमिनो आम्ले निघून जातात. मूळचा एमआरएनए कमी असल्याने न्यूक्लिएजची गरज पडत नाही. एटीपी, जीटीपी, क्रिएटिन फॉस्फेट आणि क्रिएटिन कायनेज घालून हा अर्क २५ अंशांवर चालवावा, ३७ वर तो लवकर मरतो.

या अर्कात कॅपवरचे अवलंबित्व सशाच्या लायसेटपेक्षा ठळक दिसते, पण ईएमसीव्हीचा आयआरईएस जवळपास चालत नाही. म्हणून इथे तंबाखू मोझॅक विषाणूचा ६८ न्यूक्लिओटाइडांचा, अनुवाद वाढवणारा ओमेगा भाग ल्युसिफरेजसमोर लावून पाहावा. संपूर्ण तंबाखू मोझॅक विषाणू वाढवण्याचा मोह टाळावा. तो माणसाला बाधत नाही, पण हातावरून, अवजारांवरून टोमॅटो-मिरचीवर जातो, आणि शेतीच्या पट्ट्यातल्या महाविद्यालयाने हा धोका घेऊ नये. शिवाय त्याच्या जनुकीय आरएनएपासून १७.५ किलोडाल्टनचे कोट प्रथिन मिळत नाही, कारण ते पेशीत वेगळ्या छोट्या आरएनएवरून बनते. विद्यार्थी ती पट्टी शोधत राहतो आणि जेलवर दिसतात ती मोठी, अर्धवट प्रथिने.

रायबोन्यूक्लिएजबद्दल थोडेच : हातमोजे, स्वतंत्र पिपेट टिप, १८० अंशांवर भाजलेली काच. नुसते ऑटोक्लेव्ह पुरत नाही, हे विकर उकळून थंड झाल्यावर डायसल्फाइड बंधांच्या आधारे पुन्हा घडी घालते. डीईपीसी (रायबोन्यूक्लिएज निकामी करणारे रसायन) ट्रिस बफरमध्ये घालू नये, ट्रिसचा अमिनो गट त्याला खाऊन टाकतो.

आता सुविधांचा मुद्दा. प्रत्येक महाविद्यालयात उणे ८० चा फ्रीझर नाही आणि प्रकाश मोजणारा ल्युमिनोमीटर नाही, हे खरे आहे. पण चारही आरएनए विद्यापीठ विभागात एकदाच बनवता येतात, आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये खाली बसवलेला आरएनए कुरिअरच्या प्रवासात टिकतो. महाविद्यालयाने तो अपकेंद्रित करून पाण्यात घ्यायचा. लायसेट मात्र ड्राय आइसवरच पाठवावे लागेल, म्हणून जिल्ह्यातील एका महाविद्यालयाला केंद्र करून बाकीच्यांनी दोन दिवस तिथे यावे. आरएनए हातात असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दुपारचे काम प्रत्येकी तीन तासांत बसते.

या ज्ञानाचा उपयोग विद्यार्थ्याला दूर शोधावा लागत नाही. तोंडावाटे देण्याच्या सेबिन लसीच्या प्रकार ३ मध्ये आयआरईएसच्या ४७२ व्या जागी सी ऐवजी यू आहे. या एका बदलाने चेतापेशींतील अनुवाद मंदावतो, आणि लस घेतलेल्या बाळाच्या आतड्यात तो पटकन उलटतो. प्रकार २ च्या नव्या लसीत आयआरईएसचा हाच प्रदेश उलटणार नाही अशा रीतीने पुन्हा रचला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिला नोव्हेंबर २०२० मध्ये आपत्कालीन वापराच्या यादीत घेतले. मुंबईत परळला दशकानुदशके पोलिओ विषाणूंची ओळख पटवण्याचे काम चालले आहे. पुण्याच्या जेनोवाच्या कोविड लसीला जून २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यातला आरएनए पेशीत स्वतःच्या प्रती काढतो, ही यंत्रणा अल्फाव्हायरसकडून घेतलेली आहे, आणि ती लस २ ते ८ अंशांवर साठवता येते. अशा कंपनीत मुलाखतीला गेलेल्या मुलाला कॅप ॲनालॉग उलटा बसला तर काय होते हे सांगता आले पाहिजे.

घटकाच्या तासिकांत आम्ही पुढील क्रम सुचवतो. कॅप आणि स्कॅनिंग, पोलिओ आणि ईआयएफ ४जी, मग हिपॅटायटिस सी, ज्याचा आयआरईएस रायबोसोमच्या लहान, ४०एस उपएककाला ईआयएफ ४एफशिवाय (४ई, ४जी यांच्या संचाशिवाय) थेट धरतो. त्यानंतर क्रिकेट पॅरालिसिस विषाणू, जो एकही इनिशिएशन फॅक्टर आणि मिथिओनीन न वापरता ॲलानिनपासून सुरुवात करतो. हे उदाहरण शिकवले की इनिशिएशन फॅक्टर नेमके कशासाठी हवेत हे आपोआप स्पष्ट होते. शेवटी सार्स-कोव्ह-२ : त्याचे एनएसपी१ हे प्रथिन ४०एसमधील एमआरएनएची वाट बुजवते, आणि यूयूयूएएएसी या घसरड्या जागी रायबोसोम एक पाऊल मागे येऊन चौकट बदलतो. जिवाणूंचा अनुवाद या सगळ्यानंतर तुलनेसाठी घेतला तरी काही बिघडत नाही.

प्रश्नपत्रिकेत ‘इनिशिएशन फॅक्टरांवर टीप लिहा’ याऐवजी असे प्रश्न यावेत : बायसिस्ट्रॉनिक आरएनएच्या लायसेटमध्ये २ए प्रोटिएज घातले, रेनिला आणि फायरफ्लायच्या वेगांचे आलेख काढा आणि कारण द्या. किंवा : कॅप ॲनालॉगने दोन्ही ल्युसिफरेज सारखेच खाली आले, कोणती नळी लावायची राहिली?

येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात ही विनंती : प्रात्यक्षिकाला दोन क्रेडिट, प्लाझ्मिडांचा एकच तपासलेला संच विद्यापीठ विभागाकडे, आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी केंद्र महाविद्यालयाचे नाव. प्रात्यक्षिकाची मराठी आणि इंग्रजी हस्तपत्रिका लिहून देण्याची आणि पहिल्या वर्षी केंद्रांवरील शिक्षकांना ती करून दाखवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

कळावे,
आपले नम्र,
जीवरसायनशास्त्र शिकवणारे काही प्राध्यापक आणि संशोधक